परवाना येईपर्यंत

४ एप्रिल २००९, शनिवार

कपड्यांखाली पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी आमच्या टेक्सस राज्याने दहा तासांचा जो वर्ग सक्तीचा केला आहे, तो मी आज पूर्ण केला. वर्ग अग्निशमन दलाच्या शेडमध्ये होता आणि आम्ही अकरा जण होतो. लेखी परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. नेमबाजीत अडीचशेपैकी दोनशे एकेचाळीस. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हात इतका स्थिर राहावा, ही अडतीस वर्षे काउंटीच्या कचेरीत जमिनीचे दस्त नोंदवल्याची पुण्याई असावी. डुएन स्पिव्हीला एकशे अठ्ठ्याण्णव गुण पडले आणि ते त्याने अशा थाटात जाहीर केले, की ऐकणाऱ्यास तोच पहिला आल्याचे वाटावे. एकतीस वर्षे स्थानिक रेडिओवर पहाटेचा शेतीविषयक कार्यक्रम सांगितलेला आवाज आहे तो. त्या आवाजात नापास झाल्याची बातमीसुद्धा पदवीदानासारखी वाटेल.

दुपारी चर्चतर्फे श्रीमती व्हर्नेल टॅकेट जेवण घेऊन आल्या. बियाण्यांचे व्यापारी कै. टॅकेट यांच्या त्या पत्नी. दर गुरुवारी चौऱ्याऐंशी मैलांवरच्या ॲमरिलोला, तिथल्या शुश्रूषागृहात असलेल्या वेंडेल या आपल्या थोरल्या भावाला भेटायला, त्या एकट्या मोटार घेऊन जातात. परवा परतताना एक काळा पिकअप ट्रक वीस मैल त्यांच्या मागे चिकटून राहिला आणि सारखे दिवे मिचकावत होता.

"शेजारी कुणी बसलेलं असतं ना, तर इतकी घाबरले नसते," त्या म्हणाल्या. हे बोलताना त्या माझ्याकडे पाहत होत्या. बहुधा क्रीमचे भांडे माझ्यापुढे होते म्हणून.

डुएन लगेच म्हणाला, "अगं व्हर्नी, परवाना येऊ दे, मग बघ. मी शेजारी बसलो तर तो ट्रकवाला आपणहून दिवे विझवून शेतात शिरेल!"

सगळे हसले. त्याही हसल्या. मी हसलो नाही, कारण विधान कायद्याच्या दृष्टीने अपुरे होते. स्वतःच्या मोटारीत पिस्तूल ठेवण्यास परवाना लागत नाही. दुसऱ्याच्या मोटारीत लागतो. श्रीमती टॅकेट आपल्या मोटारीचे चाक कोणाच्याही हाती देत नाहीत. सबब, त्यांच्या शेजारच्या जागेवर संरक्षक म्हणून बसायचे तर परवाना हवाच. परवाना हातात पडेल त्याच दिवशी मी त्यांना रीतसर विचारीन. त्याआधी विचारणे म्हणजे नसलेल्या अधिकाराचा दावा करणे होय.

"व्हर्नी" हे नाव त्याने कुठून काढले, कोणास ठाऊक.

८ एप्रिल, बुधवार

अर्ज आज नोंदणीकृत टपालाने रवाना झाला. सोबत वर्गाचे प्रमाणपत्र, दोन छायाचित्रे, नोटरीपुढे केलेली दोन प्रतिज्ञापत्रे आणि बोटांच्या ठशांची दोन कार्डे. एकाही रकान्यात खाडाखोड नाही. मी जन्मभर इतरांचे अर्ज तपासले. असा अर्ज मला क्वचितच पाहावयास मिळाला असेल.

ठसे शेरीफच्या कचेरीत डेप्युटी मारिसेला ओंतिव्हेरोस हिने घेतले.

"सर, बोटं किती गुळगुळीत हो तुमची!"

"अडतीस वर्षे कागद उलटले," मी म्हणालो.

ती कार्डाकडे मान वाकडी करून पाहत राहिली. "परत एकदा घेऊ या का?"

मी नको म्हणालो. एकदा व्यवस्थित झालेले काम पुन्हा करण्याची मला सवय नाही.

१३ एप्रिल, सोमवार

टपालकचेरीत डुएन भेटला. त्याचा अर्ज आज गेला, म्हणजे माझ्यानंतर पाच दिवसांनी. पाकीट चुरगळलेले, कोपऱ्यावर कॉफीचा डाग, छायाचित्रे स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापल्याचे उघड दिसत होते.

"काय रे एल्डन, ते केवढाले प्रश्न! दहा वर्षांतले सगळे पत्ते, सगळी नावं, डोक्यावर परिणाम झालाय का, दारू पितोस का... मी आपलं सगळीकडे 'नाही' ठोकून दिलं."

टपालकचेरीतल्या बाई त्याला म्हणाल्या, "कर्नल, तिकीट उलटं लावलंत हो!" रेडिओवर तो "कर्नल सनराइज" म्हणवून घेत असे आणि अजूनही अर्धा गाव त्याला कर्नलच म्हणतो. सैन्यात तो एक दिवसही नव्हता. मी दोन वर्षे होतो. मला कोणी शिपाई म्हणूनही हाक मारीत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

खात्याला अर्ज १६ तारखेस पोचल्याची पोच आली. कायद्याने निर्णयास साठ दिवसांची मुदत आहे. म्हणजे १५ जून. १८ जूनला गुरुवार येतो. निळा कोट धुवायला दिला.

२२ मे, शुक्रवार

डुएनचा परवाना आला. एकोणचाळीस दिवसांत.

चौकातल्या कॅफेत तो टेबलाटेबलावर जाऊन ते प्लास्टिकचे कार्ड दाखवीत होता. माझ्यापुढे पावासारखी गरम बिस्किटे आणि ग्रेव्ही नुकतीच आली होती. कार्ड त्याने सरळ ताटलीच्या कडेला टेकवून ठेवले.

"फोटो बघ. चित्रपटात घेतील मला."

छायाचित्र खरोखरच चांगले होते. हे मी केवळ या वहीत मान्य करतो.

"तुझा नाही आला अजून? तू तर माझ्याआधी पाठवलास ना रे?"

"पाच दिवस आधी."

"मग त्यांना तुझा अर्ज इतका आवडला असेल, की भिंतीवर लावला असेल काच घालून!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि कॅफेतले सगळे हसले. माझी ग्रेव्ही गार झाली.

रांग ही एक नैतिक संस्था आहे. ती मोडली गेल्यावर मोडणारा सुखाने कॉफी पितो आणि अपमान मात्र पाळणाऱ्याचा होतो.

२८ मे, गुरुवार

माझे घर गावाच्या टोकाला, ॲमरिलोच्या रस्त्यालगत आहे. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी श्रीमती टॅकेट यांची करडी मोटार गेली. शेजारी डुएन. त्याने खिडकीतून कोपर बाहेर काढले होते. गेली पाच वर्षे दर गुरुवारी माझ्या घरावरून जाताना त्या भोंगा एकदा हलकेच वाजवतात. आज तो दोनदा वाजला. दुसरा त्याने वाजवला असावा; त्यांच्या चाकाला हात लावला त्याने.

संध्याकाळी पाच वीसला परतले. मी कुंपणाला पाणी घालत होतो.

१५ जून, सोमवार

साठ दिवस आज संपले. खात्याला फोन केला. बावीस वेळा गुंतलेला लागला. तेविसाव्या वेळी ध्वनिमुद्रित बाईने सांगितले, की देशभर अर्जांची लाट आली असून आपला फोन आम्हांस मोलाचा आहे. त्यानंतर पन्नास मिनिटे गिटार. अखेर एक जिवंत मुलगी बोलली.

"सर, तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे."

"मुदत आज संपली."

"हो सर. बऱ्याच जणांची संपलीये."

"माझ्यानंतर पाच दिवसांनी आलेला एक अर्ज तीन आठवड्यांपूर्वी मंजूर झाला आहे."

"नशीबवान असतात सर काही जण."

नशीब हा शब्द शासकीय अधिकाऱ्याच्या तोंडी मी प्रथमच ऐकला. आमच्या कचेरीत मी तो कोणास उच्चारू दिला नसता.

१८ जून, गुरुवार

आजचा दिवस मी योजलेला होता. निळा कोट कपाटातच राहिला.

परतीच्या वाटेवर श्रीमती टॅकेट माझ्या दारात थांबल्या आणि त्यांनी टोमॅटोंची पिशवी दिली. डुएन मोटारीत झोपलेला होता, तोंड उघडे ठेवून.

"गुरुवारी काय करता हो तुम्ही दिवसभर?" त्यांनी विचारले.

"टपालाची वाट पाहतो."

"नुसती वाट?"

"सध्या त्याखेरीज दुसरे काही करता येण्याजोगे नाही, श्रीमती टॅकेट."

त्यांनी पिशवीचे बंद उगाच पुन्हा बांधले. "चाळीस वर्षं ओळखतो आपण एकमेकांना. व्हर्नेल म्हटलंत तर काही दंड नाही बसणार."

मग म्हणाल्या, "वेंडेल आता मलासुद्धा ओळखत नाही. पण डुएन बोलायला लागला ना, की त्याचे डोळे उघडतात. शेतावर असताना रोज पहाटे ऐकायचा ना तो. आज म्हणाला, 'कर्नल, पाऊस कधी?' आणि वाटीभर सूप प्यायला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा." त्यांचे डोळे ओलावले होते. "डुएन नुसतं हवामान सांगत बसतो. दोन-दोन तास."

मी आनंद व्यक्त केला. टोमॅटो उत्तम होते. मी एकही खाल्ला नाही.

२ जुलै, गुरुवार

आठ दहा. कोपर बाहेर. डुएनने नवी हॅट घेतली आहे.

४ जुलै, शनिवार

स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे निवेदन, अर्थातच, कर्नल सनराइज. बँडचे नाव चुकीचे सांगितले, महापौरांचे वय चुकीचे सांगितले, एकाच वाक्यात कर्ता दोनदा बदलला. टाळ्या सर्वाधिक त्यालाच. श्रीमती टॅकेट पहिल्या रांगेत होत्या आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यावर त्यांची पर्स होती. मला पाहून त्यांनी ती उचलली. ती जागा डुएनसाठी राखली असणार हे जाणून मी मागे उभा राहिलो. कार्यक्रम संपेपर्यंत तो व्यासपीठावरून उतरला नाही आणि खुर्ची तशीच राहिली. राखलेल्या जागेची किंमतही नाही त्या माणसाला.

९ जुलै, गुरुवार

आज मी परवाना खात्याला एक पत्र लिहिले. खाली सही केलेली नाही. नागरिकाच्या कर्तव्यास नावाची आवश्यकता नसते. अर्जात "इतर नावे" असा स्वतंत्र रकाना आहे. डुएनने सगळीकडे "नाही" लिहिल्याचे स्वतः माझ्यासमोर कबूल केले आहे. एकतीस वर्षे दुसऱ्या नावाने वावरलेल्या माणसाने असे लिहिणे हे असत्य कथन ठरते. यात व्यक्तिगत काहीही नाही.

मसुदे चार झाले. चौथ्याहून अधिक नेमका होणे शक्य नव्हते. टाकण्यासाठी पेटी शेजारच्या गावातली निवडली, कारण मला तसेही तिकडे जायचे होते.

तिकडे काही काम नव्हते. हे लिहून ठेवतो.

२८ जुलै, मंगळवार

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी कॅफे भरलेला होता. श्रीमती टॅकेट माझ्यासमोरच्या टेबलावर दोन मैत्रिणींबरोबर बसल्या होत्या. डुएन आला तो हातात कागद फडफडवत. "लोकहो, ऐका! माझा परवाना थांबवलाय. माझ्यावर गुप्त तक्रार झालीये!"

खात्याने ते पत्र चौकशीसाठी आमच्या शेरीफकडे धाडले आणि मारिसेलाने त्याची प्रत डुएनला दिली, असे दिसते. तो मध्यभागी उभा राहिला, घसा साफ केला आणि थेट पहाटेच्या कार्यक्रमाच्या आवाजात वाचू लागला.

"'सदर अर्जदार हा एकतीस वर्षे कर्नल सनराइज या अन्य नावाने जनसामान्यांत वावरला असूनही, त्याने ही बाब दडवली असल्याची सबळ शक्यता आहे, आणि ज्याने एक नाव दडवले, तो आणखी काय दडवीत असेल, याचा आपण गांभीर्याने विचार करावा.'"

कॅफे हसून लोटपोट झाला. कोणी ओरडले, "कर्नल, खरं सांगा, कितव्या पलटणीत होतात?" कोणी म्हणाले, "हातकड्या आणा रे!" डुएनने पत्र दुसऱ्यांदा वाचले. लोकांनी मागणी केली म्हणून.

मी मान खाली घालून अंडी खात होतो. माझ्या चार मसुद्यांतून उतरलेली वाक्ये त्याच्या तोंडून ऐकताना एक गोष्ट मला पटत होती आणि तीच असह्य होती: ती त्याच्या आवाजात अधिक चांगली वाटत होती. स्वल्पविरामावर तो इतका अचूक थांबला, की मी वर पाहिले.

श्रीमती टॅकेट हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. या वेळी क्रीमचे भांडे त्यांच्याच टेबलावर होते.

३० जुलै, गुरुवार

परवाना स्थगित झाल्यामुळे डुएन आज जाऊ शकणार नाही, असा माझा निष्कर्ष होता. सकाळी सातलाच दाढी केली. निळा कोट घातला. फाटकाशी उभा राहिलो. त्या एकट्या येतील, वेग कमी करतील, मी टोपी काढीन. पुढचे ठरवले नव्हते.

आठ दहा. मोटार आली. डुएन शेजारी होता. कोपर बाहेर.

त्याने हात हलवला. "काय एल्डन! लग्न आहे का कुणाचं?"

२ ऑगस्ट, रविवार

चर्च सुटल्यावर वाहनतळावर श्रीमती टॅकेट यांना गाठले.

"डुएनचा परवाना स्थगित आहे."

"हो, माहितीये."

"मग मोटारीत त्याचे पिस्तूल कसे चालते?"

"कसलं पिस्तूल?" त्यांनी मोटारीचे दार उघडले आणि तसेच धरून ठेवले. "पहिल्या गुरुवारी आणलं होतं. पोटाला टोचतं म्हणून अर्ध्या वाटेत काढलं. तेव्हापासून ते घरी त्याच्या मोज्यांच्या खणात आहे. त्या ट्रकवाल्याचंही सांगू? माझ्याच मोटारीचा मागचा दिवा गेला होता, तेच सांगत होता बिचारा. मागे पेट्रोलपंपावर भेटला."

"मग आपण डुएनला नेता कशासाठी?"

"त्यानं विचारलं, एल्डन."

मी पुढील स्पष्टीकरणाची वाट पाहिली. ते आले नाही.

"मे महिन्यात दारात आला आणि म्हणाला, 'व्हर्नी, येऊ का गं गुरुवारी?' मी म्हटलं, ये. झालं." त्या आत बसल्या, काच खाली केली. "आणि ते पत्र छान होतं हं. इतकं घोटून लिहिणारी माणसं या काउंटीत किती असतील, म्हणून मी मोजायला बसले. एकच सापडलं."

मोटार गेली. उन्हात माझा टाय गळ्याला लागत होता.

५ ऑगस्ट, बुधवार

"त्याने विचारले" हे कारण म्हणून मला अजूनही अपुरे वाटते. विचारण्यास काही आधार असावा लागतो. आधाराशिवाय विचारणारी माणसे जगात सुखी असतात, आणि त्यांचे ते सुख मला गेले तीन दिवस जेवू देत नाही. येऊ का गं गुरुवारी! एवढे चार शब्द. मी अकरा वर्षांत, म्हणजे कै. टॅकेट गेल्यापासून, ते चार शब्द जुळवू शकलो नाही. आणि मी स्वतःला शब्दांचा माणूस समजतो.

११ ऑगस्ट, मंगळवार

डुएन घरी आला. हातात आमदारांच्या कचेरीचा लिफाफा.

या राज्यात कोणाचाही कागद अडकला, की लोक आमदाराच्या कचेरीला फोन करतात आणि कागद हलतो. डुएननेही तसेच केले असणार, असा माझा संशय होता. त्याने केलेच नव्हते. त्याने माझ्यासाठी केले.

"मी म्हटलं, आमचा एल्डन क्रॅबट्री चार महिने खोळंबलाय, माणूस सरळ आहे, जरा बघा. तिथली पोरगी माझा कार्यक्रम ऐकत वाढलेली निघाली! हे घे. तुझ्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत म्हणे. कार्ड कोरं दिसतं. तुला कळवायचं राहूनच गेलं त्यांच्याकडून."

पत्र मी दोनदा वाचले. त्यात दोन वाक्यांना क्रियापद नव्हते. अर्थ मात्र स्वच्छ होता. माझ्या निर्दोष अर्जातला एकमेव दोष मी स्वतः होतो.

"डुएन," मी म्हणालो, "ते खात्याला गेलेले पत्र—"

"कुठलं?"

"गुप्त."

"अरे सोड! सुधारणेचा फॉर्म भरला, पुढच्या आठवड्यात कार्ड परत. एकतीस वर्षांत मला असं वाचायला कुणी दिलं नव्हतं. लिहिणारा भेटला तर म्हणावं, अजून लिही." तो उठला. फाटकाशी वळून म्हणाला, "फक्त माझी हॅट राहिली त्यात. पुढच्या वेळी हॅटबद्दलही घालायला सांग."

त्याला ठाऊक आहे. क्षमा करण्याची कला तरी माझ्यासाठी सोडायची होती. तीही त्यालाच अधिक चांगली जमते.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

मारिसेलाने सांगितले, की ठसे पुन्हा देण्याआधी चार दिवस बोटांना ग्लिसरीन चोळावे. ही बातमी गावात कशी पसरली ते ठाऊक नाही. काल ॲमरिलोहून परतल्यावर आणि आज दुपारी तीन वाजता श्रीमती टॅकेट ग्लिसरीनची बाटली घेऊन आल्या. मी स्वतः चोळू शकतो, हे मी निदर्शनास आणून दिले.

"दोन्ही हातांना एकाच वेळी कसं चोळाल? बसा गप्प."

त्या एकेक बोट घेऊन चोळतात. पद्धत काटेकोर नाही: उजव्या हाताच्या अनामिकेस आज तर्जनीच्या दुप्पट वेळ मिळाला. मधेच त्या थांबून बोट नुसतेच धरून बसल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. ग्लिसरीन सुकत होते. मी ते सांगितले.

"सुकू द्या," त्या म्हणाल्या.

डुएनच्या बोटांना असे करावे लागले नव्हते, याचा आज प्रथमच विषाद वाटला नाही. पण मग मनात आले, की वेंडेलला सूप पाजताना यांचे हात डुएनच्या हातांना लागतच असतील. दर गुरुवारी. आता अकरा-बारा गुरुवार झाले.

३ सप्टेंबर, गुरुवार

खात्याचे पत्र. दुसरे ठसेही वाचता आले नाहीत. आता केवळ नावावरून देशभरच्या नोंदी तपासल्या जातील. कालमर्यादा सांगता येत नाही. अर्ज प्रक्रियेत आहे.

आठ दहाला मी खिडकीत नव्हतो. भोंगा ऐकला. एकदाच वाजला.

९ सप्टेंबर, बुधवार

सकाळी श्रीमती टॅकेट यांच्या दारी गेलो. निळा कोट घातला नाही, उकाडा होता. त्या भेंडी चिरत होत्या. मी उभ्या उभ्या बोललो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"माझ्याकडे परवाना नाही. केव्हा येईल, येईल की नाही, हे खात्यासही ठाऊक नाही. अशा स्थितीत मी संरक्षक म्हणून निरुपयोगी आहे. तथापि, उद्या गुरुवार आहे."

"आहे," त्या म्हणाल्या आणि सुरी खाली ठेवली.

"मी येऊ का?"

त्यांनी मान फिरवून एप्रनवर नसलेला कचरा झटकला. बराच वेळ झटकला.

"उद्या डुएन आहे, एल्डन. वेंडेलला त्याची सवय लागलीये. मागची जागा रिकामी आहे."

मागची जागा. डुएनच्या मागे. चौऱ्याऐंशी मैल जाताना, चौऱ्याऐंशी येताना.

"चालेल," मी म्हणालो.

१० सप्टेंबर, गुरुवार

आठ दहाला मोटार माझ्या फाटकाशी थांबली. मागच्या आसनावर एक गोधडी, वेंडेलचे धुतलेले कपडे आणि मी. डुएनची हॅट इतकी रुंद, की पुढचा रस्ता मला दिसत नव्हता. त्याने पहिले चाळीस मैल कापसाच्या भावावर भाषण केले. त्या त्याच्या प्रत्येक विनोदावर हसल्या. काही विनोद मी त्याच्याकडून आधी ऐकलेले होते. त्यांनीही ऐकलेले असणार, तरी हसल्या. मी ते मोजत होतो. मग तो झोपला आणि घोरू लागला.

"मागे ठीक आहे ना?" त्यांनी विचारले.

"ठीक आहे."

"काहीतरी बोला की."

मला हवामानाखेरीज काही सुचले नाही, आणि हवामान डुएनचे होते. म्हणून मी १९३१ सालापासून या रस्त्याकडेच्या जमिनी कोणाकडून कोणाकडे गेल्या, ते दस्तांवरून सांगू लागलो. त्या ऐकत होत्या. एका वळणावर म्हणाल्या, "हे वळण तर आमच्या आजोबांचं ना?" ते होते. १९४४ पर्यंत. बावीस मैल असे गेले.

शुश्रूषागृहात वेंडेल भिंतीकडे तोंड करून पडला होता. डुएनने हॅट काढली, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "सुप्रभात मंडळी! मी कर्नल सनराइज." म्हाताऱ्याची मान वळली. डुएन हवामान सांगू लागला: वारा नैर्ऋत्येचा, गव्हाला ओल पुरेशी, गुरे सावलीत घ्या. त्याच्या आवाजात मी पूर्वी जे ऐकत आलो, ते तिथे नव्हते. तो हळू बोलत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर वेंडेलच्या घशाकडे पाहून थांबत होता. श्रीमती टॅकेट चमच्याने सूप भरवीत होत्या. वाटी धरायला कोणी नव्हते, म्हणून मी धरली.

हेच नाव मी खात्याला कळवले होते. वाटी जड नव्हती, पण ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

परतताना आम्ही गावाशी आलो. माझे घर आधी लागते. त्या थांबल्या नाहीत. मी म्हणालो, "माझे फाटक मागे राहिले." पुढे दीड मैलावर त्यांनी डुएनला त्याच्या दारात सोडले. तो उतरला, माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणाला, "पुढच्या गुरुवारी सँडविच तू आण रे," आणि आत गेला.

त्यांनी मोटार वळवली, पन्नास पावलांवर भर रस्त्यात उभी केली आणि इंजिन बंद केले.

"पुढे या."

"अवघ्या दीड मैलासाठी उठून बसण्याचे प्रयोजन—"

त्यांनी किल्ली काढून मांडीवर ठेवली आणि हात बांधून बसल्या. मागून एक ट्रॅक्टर आला, वाट पाहू लागला, मग बाजूने निघून गेला. चालकाने आम्हां दोघांना नीट पाहून घेतले. उद्या कॅफेत सगळ्यांना कळेल.

मी उतरलो, पुढे जाऊन बसलो. आसन डुएनच्या लांब पायांच्या मापाने पार मागे सारलेले होते; माझे पाय कशालाच टेकेनात.

"खाली एक दांडी आहे," व्हर्नेल म्हणाली.

मी वाकून दांडी शोधली आणि आसन माझ्या मापाइतके पुढे ओढून घेतले. पुढच्या गुरुवारी ते त्याला पुन्हा मागे सारावे लागेल. सारू दे.